ॲपर्चर प्रायॉरिटी की डायरेक्ट मॅन्युअल?

बेसिक फोटोग्राफीचं कुठलंही पुस्तक उघडा, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक), शटर स्पीड (तो प्रकाश किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील) हे त्रिकूट लगेच भेटतं आणि मग प्रश्न येतो की सराव कुठल्या मोडवर करायचा. माझं स्पष्ट मत, ॲपर्चर प्रायॉरिटीच. ॲपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर स्पीड कॅमेरा जुळवतो, त्यामुळे डोकं एकाच गोष्टीत राहतं. खिडकीजवळ एक कप ठेवा, आयएसओ ४०० वर फिक्स करा आणि ॲपर्चर एफ २.८, ४, ५.६, ८ (आकडा वाढला की भोक लहान) असे फोटो काढत जा (किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली, असेल तर जो सगळ्यात छोटा आकडा मिळेल तिथून), मागचा पडदा हळूहळू स्पष्ट होत जातो आणि प्रत्येक स्टेपला प्रकाश निम्मा होतो म्हणून शटर समजा १/५०० सेकंदावरून १/२५०, १/१२५, १/६० असा उतरत जातो, हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की पुस्तकातला तक्ता पाठच करावा लागत नाही.

मॅन्युअलमध्ये सगळा कंट्रोल आपला, पण ऊन-सावली बदलली की परत सेटिंग करा, तोवर समोरचं पोरगं पळालेलं असतं. हां, बरेच फोटो शेजारी-शेजारी जोडून पॅनोरमा करायचा असेल किंवा रात्री तारे टिपायचे असतील तर मात्र मॅन्युअलच लावा, तिथे प्रत्येक फ्रेमचं एक्स्पोजर (एकूण प्रकाशाचं प्रमाण) सारखंच हवं.