जुनं लोहारी सामान घेऊन घरी भट्टी लावली: एक अख्खा पावसाळा वापरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, जुनं लोहारी सामान घ्या, बिनधास्त घ्या, पण घेतल्यावर ते नव्यासारखं करायच्या मागे लागू नका. माझी भट्टी आता उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा बघून झाली, आणि त्या सामानावर दिसायला ज्या खुणा झिजेच्या आहेत त्यातल्या निम्म्या खुणा कामाच्या आहेत असं मी ठामपणे म्हणेन.

सामान मिळालं गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मेस्तांकडून, म्हणजे लोहाराकडून. वय झालेलं, मुलं नोकरीला, शाळ (लोहारकामाची जागा) बंद करायची होती. भंगारवाल्याने किलोवर भाव लावला होता, मी त्याच्यापेक्षा बरेच जास्त दिले आणि तरी मला ते स्वस्त वाटतं कारण सगळं एकाच हाताखालचं सामान होतं. ऐरण, उभ्या पायाचा वाईस (काम घट्ट धरायचा शिकंजा), हाताने फिरवायचा पंखा, जुना चामड्याचा भाता, सांडशींचा ढीग, हातोड्या, छिन्न्या आणि एक घण. सुट्टं सुट्टं भंगारात शोधत बसलात तर ऐरण मिळेल पण तिच्या चौकोनी भोकात बसणारी छिन्नी मिळणार नाही, हे लक्षात ठेवा.

आता ऐरण. ही जुनी इंग्लिश बनावटीची, एका बाजूला शिंग, मागे चौकोनी आणि गोल भोक. अंगावर १ ० ७ असे आकडे कोरलेले, लोकांना वाटतं मॉडेल नंबर, पण ते वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंडांचा, दुसरा त्याच्या पावभागाचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुटे पौंड. म्हणजे ११९ पौंड, साधारण ५४ किलो. घरच्या कामाला याहून मोठी लागत नाही. घेताना बेअरिंगची गोळी खिशात घेऊन जा. २५ सेंटिमीटरवरून ऐरणीच्या तोंडावर, म्हणजे वरच्या सपाट भागावर सोडा, १८-२० सेंटिमीटर उसळली तर वरचं पोलाद जिवंत आहे, आणि गोळी मेल्यासारखी पडली तर बिडाचा ठोकळा आहे, कितीही देखणा असला तरी सोडून द्या. गोळी एकाच जागी नाही, सगळ्या तोंडावर टाकून बघा, कारण जुन्या ऐरणीत खाली मऊ लोखंड आणि वर पोलादाची पट्टी बसवलेली असते, ती कुठे सुटली असेल तर तिथे आवाज बद्द येतो.

माझ्या ऐरणीचं तोंड मधे किंचित दबलेलं आहे आणि कडा गोल झाल्यात. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो मशीनवर घासून सपाट करून घे. अजिबात नाही. ती पट्टी मुळात जाड नसते, वरून दोन मिलिमीटर काढले की तेवढं पोलाद कायमचं गेलं. आणि वेल्डिंग करून कडा भरायला गेलात तर त्या उष्णतेने तोंडाचं पाणीच (कडकपणाच) उतरतं. मेस्तांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "बाबा, हिच्या तोंडाला ग्राइंडर लावू नको, वाकडं पातं सरळ करायला तो खड्डाच लागतो." खरंच आहे ते, पोलाद ठोकून सोडलं की थोडं मागे येतं, त्यामुळे सरळ करताना त्याला सरळच्या पलीकडे दाबावं लागतं आणि सपाट जागेवर ते होतच नाही. गोल कडेवर वाकवलेल्या कामाला चीरही पडत नाही. धारदार कड लागलीच तर चौकोनी भोकात तुकडा बसवून काम होतं.

खाली किंदळाचा ओंडका आहे, उंची एवढी की उभं राहिल्यावर हाताची मूठ ऐरणीच्या तोंडाला टेकावी. ओंडका चिऱ्यावर (जांभा दगडावर) ठेवलाय, मातीत ठेवला तर आपल्याकडे वाळवी सोडत नाही. ऐरणीच्या कमरेला जाड साखळी गुंडाळली की आवाजही कमी होतो, आणि तो कमी करावाच लागतो, वाड्यावर (वस्तीत) दुपारी दोन ते चार कुणाच्या घरावर घण घालून चालत नाही.

वाईसबद्दल थोडक्यात. साधा टेबलवरचा बिडाचा वाईस हातोडीखाली तडकतो, या उभ्या पायाच्या वाईसमध्ये मार पायातून जमिनीत जातो. फक्त स्क्रूचे आटे बघून घ्या, जबडे वाकडे असले तरी चालतात, आटे खाल्लेले चालत नाहीत.

भाता की पंखा यावर मात्र मला भरपूर बोलायचंय. चामड्याचा भाता मी ठेवलाय आणि जपतोय, एरंडेल लावतो, पावसात चुलीजवळ टांगतो नाहीतर बुरशी धरते, पण रोजच्या कामाला हातपंखा. इलेक्ट्रिक ब्लोअर लावलेले मित्र आहेत माझे, त्यांचा कोळसा माझ्या कितीतरी आधी संपतो, कारण पंखा चालूच राहतो आणि तुम्ही ऐरणीवर असताना भट्टी फुकट जळते. हातपंख्यात हात थांबला की आग थांबते, परत दोन फेरे मारले की लाल. मे महिन्यात वादळी पाऊस सुरू झाला की लाईट जाते, तेव्हाही काम अडत नाही. याच्या गिअरमध्ये ग्रीस भरू नका, पातळ तेल घाला, ते खालून थोडं ठिबकणारच, त्याची बनावटच तशी आहे.

भट्टी म्हणजे ट्रकचा ब्रेक ड्रम, आत मातीचा लेप, खालून पाईपने हवा. पाईप काळा घ्या, जीआयचा आगीजवळ नको, त्यावरच्या जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो. कट्टा चिऱ्याचा केला तरी चिरा थेट आगीला लागू देऊ नका, तो पाणी धरून ठेवतो आणि तापला की फुटतो. कोळसा करवंट्यांचा, गरम जळतो, राख कमी. पावसाळ्यात मात्र दमट झाला की फटफट उडतो, म्हणून झाकणाच्या डब्यात, आणि डोळ्यांवर चष्मा बाराही महिने.

सांडशी हा या सगळ्यातला खरा ठेवा आहे माझ्या मते. नवीन सांडस बाजारात मिळते, पण ती सगळं धरते म्हणजे काहीच नीट धरत नाही. या ढिगात चपट्या तोंडाची, गोल सळीची, आणि एक वाकड्या तोंडाची जी मेस्त रेंदेरांच्या (माडाची सूर काढणाऱ्यांच्या) काती, म्हणजे सुऱ्या, बनवायला वापरायचे. रिव्हेट ढिले असले तर तापवून दोन ठोके द्या, तोंड जुळत नसेल तर लाल करून कामाचा तुकडाच आत धरून दाबा. गंज विनेगरमध्ये रात्रभर ठेवून काढला, नंतर सोड्याच्या पाण्याने धुतलं, गरम असतानाच जवसाचं तेल आणि मेण चोळलं. आपल्या दमट हवेत एवढं केलंत तर पावसाळाभर गंज येत नाही. ऐरणीवर प्लास्टिक मात्र घालू नका, आत घाम धरतो, जुनी सुती साडी तेलात भिजवून टाका.

मालाचं म्हणाल तर गोव्यात चंगळ आहे. २०१२ ला आणि मग २०१८ ला इथल्या खाणी थांबल्या तेव्हा खनिज वाहणारे टिपर उभे राहिले, त्यांच्या कमानींचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अजून गॅरेजांमागे मिळतात. कोयत्याला हे पोलाद उत्तम. चुंबक चिकटायचा थांबला (ते साधारण ७७० डिग्रीला होतं) की अजून थोडं तापवून कोमट तेलात बुडवायचं, पाण्यात नको, पातं तडकतं. मग पिवळसर रंग येईपर्यंत हळू तापवून ठिसूळपणा घालवायचा. माझा पहिला नीट कोयता सध्या आमच्या माडांखाली रोज वापरात आहे आणि धार मी फार क्वचित लावतो.

एक गोष्ट मात्र आठवडाभर कोपऱ्यात असते, घण. त्याला समोर दुसरा माणूस लागतो, एकाने सांडस धरायची आणि हातोडीने जागा दाखवायची, दुसऱ्याने तिथेच घण मारायचा. शेजारचा मुलगा रविवारी सकाळी येतो, त्याची नजर पक्की आहे, म्हणून पाटे कापणं, पारयेला (पहारीला) टोक काढणं असलं जाड काम मी रविवारपर्यंत ठेवतो, बाकीचं सगळं एक किलोच्या हातोडीवर निघतं.