डोक्याची बॅटरी: उजेड भरपूर, धुरा गायब

चन्याच्या ओलिताला यंदा रात्रीची लाईन आली, तेव्हा दारव्ह्याहून ही डोक्याला बांधायची बॅटरी घेतली. 380 रुपये. दोन्ही हात मोकळे राहतात, एवढ्यावरच मी भाळलो. एका हातात फावडं, दुसऱ्यात पाईप, आणि हातबॅटरी दातात धरून धरून जबडा दुखायचा.

चार्जिंग दोन रात्री पुरतं. पाण्याचे शिंतोडे उडाले, काही बिघडलं नाही. पट्टा घामानं ढिला होतो. किडे थेट डोळ्यांत आणि नाकात येतात, कारण दिवाच तिथं आहे. इथपर्यंत ठीक.

पण दुसऱ्याच रात्री धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून मी पाण्याच्या दांडात बसलो. उजेड कमी नव्हता, जुन्या बॅटरीच्या दुप्पट होता. तरी धुऱ्याला पडलेलं खिंडार मला दिसलं नाही. शेजारच्या वावरातले काका आपली हातबॅटरी मांडीजवळ धरून आले. म्हणाले, “सर, उजेड डोक्यावर ठेवला तं जमीन सपाट दिसते. खाली धरा ना जी.”

दिवा डोळ्यांच्या शेजारीच असला की ढेकळाची सावली ढेकळामागेच लपते. तोच उजेड खालून तिरपा टाकला, की प्रत्येक ढेकळाला, खुरानं पडलेल्या प्रत्येक खड्ड्याला काळी कड येते. आमच्या काळ्या मातीत रंगाचा फरक असून नसल्यासारखा. सावली गेली की सगळं गेलं.

मी बारावीला मानसशास्त्र शिकवतो, म्हणून जास्तच लाज वाटली. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास करत होता. विमान उतरवणाऱ्याला जमिनीचा पोतच सगळं सांगतो, हे त्यानं धरून ठेवलं. अंतर किती, उतार कुठं, पाय ठेवता येईल का, याचं गणित डोक्यात मांडावं लागत नाही. डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडातच ते असतं. ‘अफोर्डन्स’, म्हणजे समोरची गोष्ट आपल्याला काय करू देते, हा शब्द त्याचाच. वर्गात मी खुर्ची आणि पायरी दाखवून हे शिकवतो. काकांचा धुरा दाखवायला पाहिजे होता.

एका कामात मात्र ही बॅटरी हातबॅटरीला हरवते. रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, डोळ्यात पडद्यामागे एक चकाकता थर असतो, तो उजेड आला त्याच वाटेनं परत पाठवतो. त्या वाटेवर आपला डोळा हवा, म्हणजे दिवा डोळ्याजवळच हवा. तुरीच्या तासात रोही उभा असला तर आधी दोन डोळे लकाकतात, मग जनावर दिसतं. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. त्यामुळे काही चमकलं नाही म्हणून वावर मोकळं समजू नका. डुकरासाठी कान उघडे ठेवा. घोणसही चमकत नाही. ती दिसली तर सावलीनंच दिसेल, म्हणून तिरपा उजेड आणि गमबूट.

लाल उजेडाचं बटण बिनकामाचं वाटलं होतं. पण अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास जातो, आणि पांढरा झोत ती कमाई क्षणात घालवतो. लाल उजेडानं ती बरीचशी टिकते. स्टार्टरपाशी लाईनची वाट पाहत बसलो की मी लालच ठेवतो.

आता पट्टा कमरेला पुरत नाही, म्हणून बॅटरी डाव्या गुडघ्याखाली, गमबुटाच्या वर बांधतो. पावलागणिक झोत हलतो, पण सावल्याही हलतात, आणि हलती सावली लवकर नजरेत भरते. रोही हुसकायचा असला की सोडून कपाळावर. घरचे हसतात, हसोत. कमरपट्ट्याला अडकवायचा एक चिमटा सोबत दिला असता तर पाचपैकी चार दिले असते. तीन देतो.