लिस्बनमधलं बकाल्याउचं (खारवून सुकवलेल्या कॉड माशाचं) दुकान, वासाला घाबरू नका

रुआ दो आर्सेनाल या रस्त्यावर दुकान दिसायच्या आधी नाकालाच कळतं, थेट आपल्याकडच्या सुक्या मासळी बाजारात शिरल्यासारखं. आधी मी सुपरमार्केटमधली पाकिटं आणायचे, एकदा पांढरेशुभ्र दिसतात म्हणून महागातले तुकडे घेतले आणि शिजवल्यावर नुसतं पाणी सुटलं, चव काही नाही. तेव्हापासून इथेच.

इथे मासा अख्खा असतो, डोकं काढलेला, फाडून सपाट केलेला, पतंगासारखा, आणि साइझप्रमाणे ढीग लावलेले. अर्ध्या किलोच्या आतला मिऊदू, मग कुर्रेंत १ किलोपर्यंत, क्रेश्सीदू १ ते २, ग्राऊदू २ ते ३ आणि त्याच्या वर इश्पेसियाल. मला वर्षभर वाटत होतं की इश्पेसियाल म्हणजे भारी क्वालिटी, तर तसं काही नाही, ते नुसतं वजन आहे!! एकाच ढिगात चांगलाही निघतो नि फालतूही.

खरी निवड काउंटरवरचे आजोबा करतात. मासा एका टोकाला धरून आडवा उचलायचा, लोळला की ओला, ठेवला बाजूला. मग जाड भागावर अंगठा दाबून बघायचा, कुठे गुलाबी झाक किंवा बारीक तपकिरी ठिपके दिसले तर तोही बाद. रंग पिवळसर पाहिजे, फार गोरा नको म्हणे. माझी आजी अलिबागला सुके बोंबील असेच मोडून बघायची, कडकन तुटला तरच पिशवीत, आणि कोळीण वैतागायची ती वेगळीच.

मी ग्राऊदू हातात घेतला तर आजोबांनी विचारलं काय करणार, मी म्हटलं बटाटा कांदा अंडं घालून, तर तो काढून घेतला आणि स्वस्तातला क्रेश्सीदू दिला, कुस्करायचाच आहे तर जाड कशाला. करवतीवर तुकडे करून देतात, पोट, पाठ, शेपटी वेगळी.

तक्रारी: शनिवारी लाइन लागते, इंग्लिश जेमतेम, आणि पिशवी एकच देतात, स्वतःची दुसरी न्या नाहीतर मेट्रोत सगळ्यांना कळतं. घरी फ्रिजमध्ये दोन दिवस भिजवा, कातडी वर, पाणी तीन-चारदा बदला. मी पहिल्यांदा एका रात्रीत उरकलं आणि नवरा जेवताना तांब्याभर पाणी प्यायला.

५ पैकी साडेचार. शेपटीचे तुकडे टाकून देऊ नका, मी भिजवून, भाजून, खोबरं नि कोकम घालून त्याची किसमूर केली, भाताबरोबर एकदम झकास.