‘ब्राझील’ की ‘डेलिकाटेसेन’? गावातल्या फिल्म मंडळासाठी

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे अशा ठिकाणी फिल्म मंडळ चालवणाऱ्यांना कधीतरी वेगळ्या वळणाचं काही दाखवावंसं वाटतं: काळ भविष्यातला, यंत्रं मात्र जुनाट, आणि हसता हसता अंगावर काटा यावा असं. अशा वेळी दोन फिल्म डोळ्यांसमोर येतात. टेरी गिलियमची ‘ब्राझील’ (१९८५) आणि ज्याँ-पिएर जुने आणि मार्क कारो या फ्रेंच दिग्दर्शक जोडीची ‘डेलिकाटेसेन’ (१९९१). माझं मत आधीच सांगतो. प्रेक्षक पहिल्यांदाच असं काही बघणार असतील आणि सभागृह दोनच तास हाती असेल, तर ‘डेलिकाटेसेन’ लावा. फिल्म संपल्यावर बोलायला थांबणारी माणसं असतील तर ‘ब्राझील’ला पर्याय नाही.

‘ब्राझील’चा त्या देशाशी काही संबंध नाही. नाव आलंय आरी बारोझोच्या १९३९च्या गाण्यावरून, आणि ती धून फिल्मभर वाजत राहते. गोव्यात हे पोस्टरवरच छापलेलं बरं.

सगळं सुरू होतं एका माशीपासून. कारकून छतावरची माशी मारतो, ती टेलिप्रिंटरमध्ये पडते आणि कागदावर ‘टटल’चा ‘बटल’ होतो. ऐन ख्रिसमसच्या दिवसांत शिपाई छत कापून घरात उतरतात, भलत्याच माणसाला पोत्यात कोंबल्यासारखं बांधून नेतात आणि त्याच्या बायकोची सही घेऊन तिला नवऱ्याची रीतसर पावती देतात. पुढे सॅम लाउरी नावाचा सरळमार्गी कारकून तिच्या घरी परताव्याचा चेक घेऊन जातो. ती एवढंच विचारते की त्याच्या देहाचं काय केलंत.

हा प्रसंग गोव्यात भिडणारच. आजोबांच्या पोर्तुगीज कागदावर ‘कामोतीं’, नातवाच्या दाखल्यावर ‘कामत’. एवढ्याशा फरकापायी मामलेदार कचेरीचे उंबरे झिजवलेली घरं इथे किती आहेत! ‘फॉर्म १ आणि १४’ या जमिनीच्या उताऱ्यावर नाव लागावं म्हणून धावपळ केलेल्या माणसाला सॅमच्या जगातला ‘२७बी/६’ हा फॉर्म समजावून सांगावा लागत नाही. तो नसल्यामुळे सरकारी मेकॅनिकना घरातली नळ्यांची दुरुस्ती सोडून परतावं लागतं. उलट कागदपत्रांना कंटाळून चोरून दुरुस्ती करणारा खरा टटल, म्हणजे रॉबर्ट डी नीरो, सरकारच्या लेखी दहशतवादी असतो. टाइपरायटरसारख्या यंत्रांवरचे इवलेसे पडदे आणि त्यांच्यापुढे लावलेली मोठाली भिंगं बघायला तर मोठाच पडदा हवा.

अडचण लांबीची. युरोपात लागलेली प्रत १४२ मिनिटांची, अमेरिकेतली १३२ची. शिवाय स्टुडिओने गोड शेवट जोडून केलेली ९४ मिनिटांची प्रत आहे, ती पुढे अमेरिकन टीव्हीवर दाखवली गेली. याच भांडणात गिलियमने ‘व्हरायटी’ या फिल्म-व्यवसायाच्या पत्रात पानभर जाहिरात देऊन स्टुडिओच्या प्रमुखाला विचारलं होतं, माझी फिल्म कधी प्रदर्शित करताय? लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी तर तिथे रीतसर प्रदर्शित होण्याआधीच तिला वर्षातली सर्वोत्तम फिल्म ठरवलं. वेळ वाचतो म्हणून ९४ मिनिटांची प्रत कृपा करून लावू नका. तिच्यात शेवटाचा कणाच काढून टाकलाय.

‘डेलिकाटेसेन’ मात्र मुळातच ९९ मिनिटांची आणि आटोपशीर. अन्न संपलेलं जग, धान्य हेच चलन, एक पडकी इमारत आणि तळमजल्यावर खाटकाचं दुकान. मालक जाहिरात देऊन हरकाम्या माणूस ठेवतो आणि काही दिवसांनी भाडेकरूंना मटण मिळतं. नव्याने आलेला माणूस सर्कशीतला विदूषक. खाटकाच्या मुलीचं त्याच्यावर मन जडतं. जवळजवळ सगळं त्या एका इमारतीत घडतं, त्यामुळे एका सेटवरची नाटकं बघत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला ती पटकन आपलीशी वाटेल. खाटकाच्या पलंगाच्या स्प्रिंगा कुरकुरू लागतात आणि त्याच लयीत कुठे चेलो वाजतो, कुठे गालिचा झोडला जातो, विदूषक छत रंगवतो. लय चढत जाते आणि सगळं एकदम तुटतं. तालमीत घाम गाळलेल्या कुणालाही हा प्रसंग परत बघावासा वाटेल.

फिल्म फ्रेंच आहे. इफ्फी या गोव्यातल्या फिल्म महोत्सवाला नेमाने जाणाऱ्यांना सबटायटल्सची सवय असते, इतरांना आधी सांगून ठेवा. एक भाडेकरू बाई पुन्हा पुन्हा आत्महत्येचा प्रयत्न करते आणि तो विनोद म्हणून येतो. हे कुणाच्या तरी जिव्हारी लागू शकतं, म्हणून निमंत्रणातच लिहा. मुलांना दोन्हींपासून लांब ठेवा. ‘ब्राझील’मधला छळाचा भाग त्यांच्यासाठी नाही.

‘ब्राझील’ ठरलीच तर १४२ मिनिटांचीच प्रत मिळवा, इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा (ब्रिटिश उच्चार भरभर जातात) आणि सॅम बढती घ्यायला तयार होतो तिथे मध्यंतर करा. त्यानंतर फिल्म थांबवण्यासारखी जागा सापडत नाही.