दार लावलं की सेन्सर गायब: स्निफर डोंगलचे सात महिने

मार्चमध्ये हा डोंगल घेतला तेव्हा तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा नुकताच यायला लागला होता. आता दिवाळी तोंडावर आलीय. मधल्या काळात रोज नाही, पण अडलं की हमखास हाच बाहेर काढला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वस्तू म्हणजे एनआरएफ५२८४० चिपचा यूएसबी डोंगल. त्यात स्निफरचं, म्हणजे हवेतले रेडिओ संदेश गुपचूप ऐकणारं, फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकायचं आणि पकडलेली पॅकेट्स, म्हणजे संदेशांचे तुकडे, वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये बघायची. (आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हेच सॉफ्टवेअर इथेरिअल नावानं होतं, २००६ मध्ये नाव बदललं. जुनी मंडळी ओळखतील.) डोंगलला डबी नाही, उघडी पाटीच यूएसबीत खुपसायची. फर्मवेअर टाकायला बटण दाबावं लागतं आणि ते वरून नाही, आडवं, यूएसबीच्या दिशेला ढकलायचं असतं. मी पहिला अर्धा तास वरूनच दाबत बसलो होतो.

माझं काम सेन्सर बसवण्याचं. त्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान आणि आर्द्रतेचे नऊ झिगबी (कमी विजेवर चालणारा बिनतारी संपर्क) सेन्सर लावले होते. त्यातले तीन संध्याकाळी गायब व्हायचे ते सकाळीच उगवायचे. शिवाय त्यांचे बटण सेल बघता बघता संपायचे. मालकांचा फोन आला की मी धावत जायचो, चेंबरचं दार उघडून आत शिरायचो, तोवर सगळं सुरळीत. "अहो, आता मोबाईलवर दिसतंय की!" मालकच म्हणायचे, आणि मी दीडशहाण्यासारखा सेल बदलून परत. सेल डुप्लिकेट आहेत असं पक्कं ठरवून दुकानदाराशी भांडूनही आलो.

मग डोंगल लॅपटॉपला लावला आणि ऑफिसात बसून ऐकायला लागलो. दोन आठवडे चुकीचं ऐकलं. त्या तीन सेन्सरची पॅकेट्स दिसतच नव्हती, म्हणून सेन्सर पाठवतच नाहीत असा निष्कर्ष काढून मोकळा झालो. दोन गोष्टी ध्यानात आल्या नव्हत्या. एक, डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात होता. या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि शेजारचा रेडिओ बहिरा होतो. साधी यूएसबी २ ची दीड मीटर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब नेला, तर लगेच कितीतरी जास्त पॅकेट्स यायला लागली. दुसरी गोष्ट मोठी होती. स्निफरला जे ऐकू येतं ते तो जिथं आहे तिथलं. ऑफिसातल्या डोंगलला आतलं पॅकेट आलं नाही म्हणजे ते निघालंच नाही, असं होत नाही.

शेवटी डोंगल चेंबरच्या आत ठेवला, वायर दाराच्या रबराखालून बाहेर काढली आणि दार लावून बाहेर बसलो. दहा मिनिटांत उलगडा झाला. सेन्सर इमानदारीत पाठवत होता. एकच सिक्वेन्स नंबर (पॅकेटचा अनुक्रमांक) लागोपाठ चार वेळा दिसत होता, आणि मागोमाग बाहेरच्या गेटवेकडून (सेन्सरचे आकडे गोळा करणाऱ्या डब्याकडून) पोच मात्र नाही. ८०२.१५.४ मध्ये (झिगबी ज्या रेडिओ मानकावर चालतं त्यात) पोच आली नाही की तेच पॅकेट साधारणपणे आणखी ३ वेळा पाठवलं जातं, म्हणजे एकूण चार. अशी बरीच डोकेफोड झाल्यावर सेन्सर "कुणी आहे का?" म्हणत बीकन रिक्वेस्ट टाकत सुटायचा. सेल तिथंच संपत होता. चेंबरच्या पफ (थंडी धरून ठेवणारा फोम) पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, दार लागलं की रेडिओच्या दृष्टीनं तो बंद डबा. मी तपासायला जायचो तेव्हा दार उघडं असायचं, म्हणून मला कधीच काही सापडलं नाही!

यासाठी पेलोड, म्हणजे पॅकेटमधला खरा मजकूर, उलगडायचीही गरज पडली नाही. तो एईएस-१२८ या सांकेतिक पद्धतीनं बंद असतो, पण पत्ते, सिक्वेन्स नंबर आणि पोच उघड्यावरच असतात. आतलं वाचायचंच असेल तर झिगबीची जगजाहीर १६ अक्षरी ठरावीक चावी वायरशार्कला द्यायची आणि कॅप्चर चालू ठेवून सेन्सर नव्यानं जोडायचा. नेटवर्कची चावी त्या जोडणीतच मिळते. अर्थात नेटवर्क आपलं असेल तरच हे करा.

जाता जाता चॅनेलही बदलला. आमचं नेटवर्क १७ वर होतं, म्हणजे २४३५ मेगाहर्ट्झ, थेट ऑफिसच्या वाय-फायच्या ६ नंबरच्या चॅनेलच्या पोटात. आता २५ वर आहे. आणि मूळ दुखण्यावर उपाय म्हणून गेटवेचा अँटेना विजेच्या वायरी जातात त्या भोकातून आत घेतला.

ब्लूटूथसाठी मात्र मन जरा खट्टू आहे. फर्मवेअर वेगळं, दर वेळी बदलत बसा, म्हणून मी दुसरा डोंगलच घेतला. जाहिरातीची पॅकेट्स (उपकरण "मी इथं आहे" म्हणत सोडतं ती) ३७, ३८, ३९ या तीन चॅनेलवर फिरतात आणि डोंगलला कान एकच. जोडणीचं पहिलं पॅकेट हुकलं की पुढच्या चॅनेलवरून चॅनेलवर उड्या कशा मारायच्या ते त्याला कळत नाही, अख्खं संभाषण हातचं जातं. पाच-सहा वेळा जोडून-तोडून बघावं लागतं. त्यात विश्रामबागेतल्या घरी चालू केला तर अख्ख्या इमारतीची घड्याळं आणि इअरबड्स पडद्यावर धावतात, आपलं उपकरण शोधायला पत्त्याचा फिल्टर लावावाच लागतो.

झिगबीतही एका वेळी सोळातला एकच चॅनेल ऐकू येतो, पण आपला चॅनेल माहीत असेल तर त्याचं काही अडत नाही. लाखांतली व्यावसायिक यंत्रं सगळे चॅनेल एकदम ऐकतात, पण नऊ सेन्सरच्या गिऱ्हाइकासाठी तो खर्च कोण करणार?

ते तीन सेन्सर जूनपासून त्याच सेलवर चालू आहेत. सेलवाल्या दुकानदाराकडे मात्र अजून गेलो नाही. पुढच्या चौकातल्या दुकानातून घेतो.