लाकडावर चालणारी बंद शेगडी : पेटवायला शिकणाऱ्याच्या नजरेतून

काचेचे दार असलेल्या बंद पोलादी शेगडीची जाहिरात वाचली, तर ती किती किलोवॅट उष्णता देते आणि खोलीत कशी शोभते, एवढेच कळते. ज्याने आजवर असा विस्तव कधी पेटवलेला नाही, त्याच्या हाती ती कितपत वश होते, याचा उल्लेख सहसा नसतो. एका मध्यम आकाराच्या शेगडीचे हे परीक्षण त्याच एका अंगाने केले आहे, कारण जाळ नीट धरेपर्यंतचा काळच सर्वांत धुराचा आणि मनस्तापाचा असतो.

शेगडी चांगली आहे आणि तिच्याबरोबर येणारी पुस्तिका सुमार आहे, हे आधीच सांगतो. पुस्तिकेत खाली कागद, त्यावर काटक्या आणि सर्वांत वर जाड लाकडे, अशी जुनी रचना दाखवली आहे. या रचनेत खालचा जाळ वरच्या थंड लाकडांना तापवतो, त्यांतून वायू आणि वाफ बाहेर पडू लागते, परंतु ते वायू पेटवण्याइतकी उष्णता वर कुठेच नसल्यामुळे सगळा धूर तसाच धुराड्यात जातो. लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंमध्येच असते आणि ते पूर्ण जळण्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, ही एक गोष्ट नवशिक्याला समजली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

म्हणून रचना उलटी करावी. तळाशी दोन-तीन जाड फोडलेली लाकडे एकमेकांपासून किंचित अंतरावर, त्यांवर आडवी बारीक लाकडे, त्यांच्यावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या ढलप्यांची चौकट आणि अगदी माथ्यावर मेणात भिजवलेल्या लाकडी भुशाची एखादी वडी ठेवून तीच पेटवावी. जाळ वरून खाली उतरतो, खालून सुटणारे वायू जळत्या ज्वाळेतूनच वर जातात आणि धुराडेही लवकर तापते. या शेगडीचे पोट पुरेसे उंच असल्यामुळे ही रचना तिच्यात आरामात मावते. बुटक्या पोटाच्या शेगडीत ती करताना फार कसरत होते, तेव्हा विकत घेताना रुंदीपेक्षा उंची पाहावी, असे माझे मत आहे. पोलादी पत्रा ओतीव लोखंडापेक्षा लवकर तापतो, हाही शिकणाऱ्याच्या फायद्याचाच भाग आहे. ओतीव लोखंड विझल्यानंतर अधिक वेळ ऊब धरून ठेवते, पण त्याचा उपयोग पेटवता येऊ लागल्यावर.

दाराची कडी बोटभर फट ठेवून स्थिर राहते, ही या शेगडीतील मला सर्वाधिक आवडलेली सोय. थंड धुराड्यात हवा जड होऊन खाली बसलेली असते आणि त्याला ओढ लागेपर्यंत धूर खोलीत येऊ पाहतो. सुरुवातीची काही मिनिटे मिळणारी ही जादा हवा जाळाला मोठा आधार देते. मात्र या वेळी शेगडीसमोरून उठून जाऊ नये. धूर तरीही मागे फिरत असेल, तर स्वयंपाकघरातील धूर ओढणारा पंखा चालू नाही ना, हे पाहावे. हल्लीच्या घट्ट बंद होणाऱ्या घरांत तो पंखा धुराड्यातूनच हवा खेचू लागतो. वापरणाऱ्यांना फार उशिरा सापडणारे हे कारण पुस्तिकेत दिलेलेच नाही.

हवेसाठी एकच दांडा आहे. तो पूर्ण बाहेर ओढला की खालची आणि काचेवरून उतरणारी अशी दोन्ही हवा सुरू होते, आणि आत ढकलत नेला की आधी खालची बंद होते. दोन-तीन झडपांच्या गोंधळापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत आहे. परंतु तो केव्हा ढकलावा, हे पुस्तिका मिनिटांत सांगते, आणि मिनिटे लाकडावर अवलंबून असतात. एकेरी नळीच्या धुराड्यावर चिकटवायचा चुंबकी तापमापक वेगळा घ्यावा. नळीचा पृष्ठभाग साधारण १२० ते २५० अंशांच्या दरम्यान राहील, अशा बेताने दांडा हळूहळू आत न्यावा. त्याखाली राहिल्यास काजळी आणि डांबरासारखा थर आत साचतो, आणि पुढे धुराडे पेटण्याचे तेच कारण ठरते.

काच तर आपल्या चुका लिहूनच ठेवते. ती दर वेळी काळी होत असेल, तर हवा लवकर कमी केली आहे किंवा लाकूड ओले आहे. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, आणि तो मोजताना ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मापकाच्या सुया टोचाव्यात, कारण बाहेरची साल कोरडी लागली तरी आतला भाग ओला असू शकतो. ओल्या लाकडावर कोणतीही शेगडी चांगली ठरत नाही. ज्यांच्याकडे सरपण फोडून, रचून, पावसापासून जपत वर्ष-दोन वर्षे वाळवण्याची जागा नाही आणि वाळलेले विकतही मिळत नाही, त्यांनी ही खरेदी लांबणीवर टाकलेली बरी.

पहिल्या काही वेळा रंग पक्का होताना उग्र वास येतो, म्हणून लहान जाळ करावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ही सूचना मात्र पुस्तिकेत ठळक दिली आहे. राखेचा ट्रे उथळ असून बाहेर काढताना सांडतो. राख रोज काढण्याची गरज नसते, उलट तळाशी दोन-तीन सेंटीमीटर थर राहिल्यास निखारे टिकतात. पण काढायची वेळ येते तेव्हा ती झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाकावी लागते, कारण तिच्यात निखारे कित्येक तास, कधी काही दिवसही, जिवंत राहतात. असा डबा शेगडीबरोबर येत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजरही येत नाही. तापमापक आणि ओलावा मापक यांच्या आधी हा गजर खरेदीच्या यादीत असावा.