विश्रामबागेतलं परदेशी शिक्षण सल्ला केंद्र: अ‍ॅडमिशननंतरही पाठीशी उभं राहणारं

लंडनला राज्यशास्त्रात मास्टर्स करायचं आणि त्याच वर्षी एखाद्या खासदाराच्या ऑफिसात इंटर्नशिपही करायची, असं मी म्हटलं तेव्हा पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने "आधी अ‍ॅडमिशन तर होऊ दे" म्हणून माझी बोळवण केली. सांगलीच्या विश्रामबागेतलं हे केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "इंटर्नशिप कोर्समधली की बाहेरची?"

सगळं त्यावरच अवलंबून असतं. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. कोर्सचाच भाग असलेली, मार्क असलेली प्लेसमेंट त्या तासांत धरत नाहीत. स्वतः मिळवलेली नोकरीसारखी इंटर्नशिप धरतात, बिनपगारी असली तरी. मास्टर्सला उन्हाळ्यात प्रबंध असतो, म्हणून ती मर्यादा तेव्हाही सुटत नाही. हे सगळं मला व्हिसाची फी भरण्याआधी कळलं, याचं मोल मोठं आहे.

मग मॅडमनी एक कागद आडवा घेतला आणि पट्टीने सात रकाने आखले. "हे बघ बाळा, हाउस ऑफ कॉमन्स, म्हणजे तिथली लोकसभा, सोमवारी दुपारी अडीचला बसतं, रात्री साडेदहापर्यंत चालू शकतं. मंगळवार-बुधवार साडेअकराला. गुरुवारी साडेनऊला, आणि मग खासदार आपापल्या मतदारसंघाची वाट धरतात. तू ऑफिसला मंगळवार-बुधवार दे. ऐच्छिक विषय निवडताना वर्ग बाकीच्या दिवशी येतील असं बघ." दोन दिवसांचे सोळा तास हिरव्या पेनाने रंगवले. उरलेल्या चारांवर लाल फुली मारली: "यात कॅफेतलं काम घ्यायचं नाही. बुधवारी बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारतात, त्या दिवशी उशीर होणारच."

तसंच झालं. तो कागद वर्षभर माझ्या टेबलासमोर चिकटवलेला होता.

माझं काम मुख्यतः मतदारांच्या पत्रांचं. घराला धरलेली ओल, अडकलेला व्हिसा, बंद होऊ घातलेली बस. २०१९ च्या पुरानंतर पंचनाम्यासाठी नगरसेवकांच्या दारात ताटकळलेली आमच्या गल्लीतली माणसं मला त्या पत्रांतून दिसायची. गुरुवारी स्थानिक शासनावरच्या सेमिनारला बसले की बोलायला खूप काही असायचं. वर्ग आणि ऑफिस एकमेकांच्या आड आले नाहीत, उलट निबंधाचे विषय मला पत्रांनीच दिले.

संसदेच्या पाससाठी सुरक्षा तपासणी होते आणि तिला वेळ लागतो. कुठले कागद हाताशी ठेवायचे तेही मॅडमनी निघण्याआधीच लिहून दिलं होतं. हिवाळ्यात माझा वर्ग संध्याकाळी सहाला सुटायचा तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेअकरा वाजलेले असायचे. तरी प्रबंधाच्या काळजीने केलेला फोन त्यांनी उचलला आणि नीट बोलल्या.

शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत मात्र हे केंद्र कच्चं आहे. तारण, मूल्यांकन, जामीनदार या सगळ्यासाठी बाबांनाच बँकेत हेलपाटे घालावे लागले. फी पुण्याच्या मानाने कमी आहे, पण कर्जाची मदत हवी असेल तर ती दुसरीकडे बघा.

बाकी राज्यशास्त्र, कायदा, पत्रकारिता शिकायला जाणाऱ्यांनी इथे जरूर जावं. जाताना युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल छापून न्या. मोबाईलवरचं मॅडमना चालत नाही, त्यांना त्यावर पेनाने खुणा करायच्या असतात.